खुर्चीत बसण्याआधी उभी राहा

प्रश्न : ताई, माझं वय ३९. उंची पाच फुटांना अर्धा इंच कमी. खांदे रुंद, मान आखूड, चेहरा गोल आणि गेल्या काही वर्षांत अंगानं चांगलीच भरले आहे. केस दाट, थोडे कुरळे, कमरेपर्यंत. सकाळी घट्ट वेणी घालते, स्कूटरवर ओढणी गुंडाळून मांजलपूरहून अलकापुरीला ऑफिस, घरी आल्यावर क्लचर. फोटोत मी माझी मलाच आवडत नाही. केस कापायचे आहेत, पण कसे? पार्लरवाली म्हणते, गोल चेहऱ्याला स्टेप कट. मोबाइलवरच्या एका ॲपनं माझा चेहरा ‘ओव्हल’ ठरवला आणि हनुवटीपर्यंतचा बॉब सुचवला. सोळा वर्षांची लेक म्हणते, फ्रिंज कर. सासूबाई म्हणतात, दैव देतं आणि कर्म नेतं. नवरात्रात नऊ रात्री गरबा आहे, तुळशीच्या लग्नानंतर नणंदेच्या मुलीचं लग्न, तिथे नऊवारी आणि खोपा. भांगही अलीकडे रुंद दिसायला लागलाय. काय करू?
— नाव छापू नका, बडोदा

उत्तर : अगं, कामाची सगळी माहिती तुझ्या पत्राच्या पहिल्या चार वाक्यांत आहे. उंची, खांदे, मान. पार्लरवालीला ती दिसली नाही, कारण तू खुर्चीत बसलीस की आधी गळ्याभोवती कापड आवळलं जातं. त्या कापडाखाली पाच फुटांची बाई आहे की साडेपाच फुटांची, खांदे उतरते आहेत की रुंद, काही कळायला मार्ग नाही. समोरच्या आरशातही छातीच्या वरचंच दिसतं. मग ती बिचारी गोल चेहऱ्याला जे शिकवलं गेलंय ते सांगते. ॲपचं तर बोलायलाच नको, त्याच्या लेखी तू म्हणजे कपाळ ते हनुवटी. पण लग्नाच्या हॉलमध्ये शिरताना लोकांना आधी तू अख्खी दिसतेस, चेहरा जवळ आल्यावर.

म्हणून पार्लरमध्ये गेलीस की खुर्चीत बसण्याआधी उभी राहा. ओढणी काढून, केस मोकळे सोडून, पूर्ण उंचीच्या आरशासमोर. तसा आरसा तिथे नसेल तर घरी कपाटाच्या आरशात लेकीकडून फोटो काढून घे, एक समोरून, एक बाजूनं, एक पाठमोरा. बाजूचा आणि पाठमोरा फोटो बायका कधी बघतच नाहीत, आणि मानेचं खरं काय चाललंय ते तिथेच कळतं. फोटोत दोनच गोष्टी शोध: केस संपतात कुठे, आणि फुगतात कुठे. जिथे संपतात तिथे एक आडवी रेघ पडते आणि नजर तिथे अडते. जिथे फुगतात तिथे रुंदी वाढते. कटचं नाव काहीही असो, स्टेप, लेअर, फेदर, बटरफ्लाय, दर दोन वर्षांनी नवं येतं, त्यानं करायचं काम एवढंच आहे की ही रेघ आणि हा फुगीरपणा योग्य जागी नेऊन बसवायचा.

आधी चेहऱ्याचा निकाल लावू, कारण ॲप आणि पार्लर यांच्यात तिथे मतभेद आहेत. ॲपचं चुकलं कसं ते सांगते. तू सेल्फी काढला असशील, हात लांब करून, फोन थोडा वर धरून. कॅमेरा इतका जवळ असला की नाक आणि कपाळ पुढे येतं, गाल आणि कान मागे सरतात, चेहरा आहे त्यापेक्षा निमुळता दिसतो. वरून काढला की हनुवटीखालचं झाकलं जातं ते वेगळंच. त्या फोटोतली बाई ओव्हल असेलही. तू नाहीस.

घरच्या घरी बघायचं असेल तर केस मागे घट्ट बांध, कपाळावरची केसांची कड दिसू दे. बाथरूमच्या आरशासमोर सरळ उभी राहा, एक डोळा मिट, आणि साबणाच्या कोरड्या वडीनं आरशावर आपल्या चेहऱ्याची कड गिरव. कान सोडून. मान हलवायची नाही. बाजूला होऊन बघशील तर आकृती अगदी चिमुकली वाटेल. घाबरू नकोस, आरशावर उमटणारी कड नेहमी खऱ्या चेहऱ्याच्या निम्मीच येते, जवळ उभी राहा नाहीतर लांब. आपल्याला प्रमाण बघायचंय. पट्टी घे आणि केसांच्या कडेपासून हनुवटीपर्यंतची लांबी आणि गालांच्या हाडांपाशी रुंदी मोज. दोन्ही जवळजवळ सारख्या आणि जबडा वाटोळा, तर चेहरा गोल. लांबी रुंदीच्या साधारण दीडपट, तर ओव्हल. त्याहून जास्त असेल तर लांबट. कपाळ, गाल, जबडा तिन्ही एका मापाचे आणि जबड्याला कोपरे, तर चौकोनी. कपाळ रुंद आणि हनुवटी टोकदार म्हणजे बदामी. बहुतेक बायका कुठेतरी दोन आकारांच्या मध्ये पडतात, आणि त्यात काही बिघडत नाही.

बॉबबद्दल आणखी एक. सव्वादोन इंचांचा एक नियम फिरत असतो, ब्रिटिश केशरचनाकार जॉन फ्रीडा यांच्या नावानं. हनुवटीखाली पेन्सिल आडवी धरायची, कानाच्या पाळीपासून पट्टी सरळ खाली सोडायची, आणि जिथे दोन्ही भेटतात ते अंतर वाचायचं. सव्वादोन इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे ५.७ सेंटिमीटरपेक्षा कमी भरलं तर आखूड केस शोभतात, जास्त भरलं तर लांब. करून बघ, गंमत म्हणून ठीक आहे. त्या पट्टीला जबड्याची उतरण कळते, मान किती आखूड आहे हे कळत नाही. तुझं माप दोन इंच आलं तरी मी तुला बॉब सांगणार नाही. गोल चेहऱ्याला हनुवटीशी संपणारा सरळ बॉब म्हणजे गालांच्या दोन्ही बाजूंना फुगवटा आणि अगदी हनुवटीखाली रेघ. दाट, कुरळे केस असले तर तो बॉब वाळल्यावर त्रिकोण होतो, वर चपटा आणि खाली पसरलेला. आखूड मानेवर तो त्रिकोण थेट खांद्यावर टेकतो आणि मान उरतच नाही.

आता तुझी वेणी. तुला वाटत असेल की घट्ट, चापूनचोपून घातलेली वेणी म्हणजे नीटनेटकं आणि म्हणून बारीक दिसणं. प्रत्यक्षात उलटं होतं. केस डोक्याला चिकटले की डोकं लहान दिसतं, आणि लहान डोक्याखाली रुंद खांदे आणखी रुंद. अंगानं भरलेल्या बाईला डोक्यावर थोडा उठाव लागतो, म्हणजे वरचं आणि खालचं एकमेकांना सांभाळून घेतात. फार नको, मधल्या काळातला तो पार्लरचा पफ नको. टाळूच्या मागच्या भागात बोटभर उंची मिळाली तरी पाठमोऱ्या फोटोत फरक दिसतो. त्यानं गोल चेहऱ्याला लांबी मिळते आणि पाच फुटांच्या बाईला अर्धा इंच उंचीही मिळते.

लांबीचंही तेच. पाच फुटांच्या बाईचे केस कमरेपर्यंत, म्हणजे मागून बघितलं तर वरचा अर्धा भाग नुसते केस. नजर कमरेवर येऊन थांबते, आणि अंगाची सगळ्यात रुंद जागा तिथून चार बोटांवर सुरू होते. उंच, सडपातळ बाईला हेच केस दिमाखदार दिसतील. तुझ्याकडे ते ओझं होतात.

मग किती ठेवायचे? खांद्यावर अजिबात नको. रुंद खांद्यांच्या रेषेवरच केसांची रेघ आली की रुंदी दुप्पट अधोरेखित होते, शिवाय त्या लांबीचे केस खांद्याला आपटून बाहेर वळतात. कॉलरबोनच्या खाली चार बोटं, मागून खांद्याच्या पात्यांच्या मध्यापर्यंत. पुढून बघताना गळ्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या दोन रेषा मिळतात, त्यांच्यामध्ये गळा लांब दिसतो. मागची कड सरळ नको, यू कट माग, तोही उथळ. टोकदार व्ही तुझ्या दाट केसांना शेपटीसारखा दिसेल आणि पुढून विरळ वाटेल.

लेअर हवेत, पण कुठून सुरू होणार हे तू सांगायचं. पहिला थर हनुवटीच्या दोन बोटं खाली. स्टेप कटमध्ये वरचा थर पुष्कळदा गालाशी किंवा कानाशी सुरू होतो, आणि दाट कुरळ्या केसांत तो थर गालावर छत्रीसारखा उघडतो. पार्लरवाली चुकीचं सांगत नव्हती, थर हवेच होते. ते बोटभर वर गेले की सगळं बिघडतं, इतकंच. आणि ती दातेरी कात्री. ‘बहुत हेवी छे, थोडुं हलकुं करी दउं’ म्हणत दाट केसांत ती फिरवायची सवय असते. सांग, नको. आत आखूड आखूड केस तयार होतात, ते वाढताना वरच्या केसांना ढकलून बाहेर येतात, आणि आपल्याकडच्या दमट हवेत डोक्याभोवती कापूस उभा राहतो.

बडोद्यातल्या पार्लरमध्ये केस ‘आंगळ’मध्ये मोजतात. ‘बेन, बे आंगळ ज कापजो’ म्हटलं की तुझ्या डोक्यात तुझी दोन बोटं असतात आणि तिच्या डोक्यात ओल्या केसांवरची दोन. कुरळे केस ओले असताना ताणून लांब झालेले असतात, वाळले की चांगलेच वर चढतात. म्हणून पहिल्यांदा लांबी कोरड्या केसांवरच ठरव, आरशात आपलं बोट ठेवून दाखव, इथपर्यंत. ओल्यावर कापणार असेल तर त्याच्याही खाली तीन बोटं ठेवायला सांग, वाळवून बघू आणि मग उरलेलं. जी केस वाळवून पुन्हा कात्री हातात घ्यायला तयार नसेल, तिच्याकडे पुन्हा जाऊ नकोस. कापताना मान खाली घालून मोबाइल बघायचा नाही, मागची कड तिथेच वाकडी होते.

फ्रिंज तुला नको. गोल चेहऱ्यावर कपाळ सरळ झाकलं की उरतो तो गालांचाच भाग, चेहरा आणखी आखूड. त्यात कुरळे केस, घाम आणि वर ओढणीची गुंडाळी. ऑफिसात पोचेपर्यंत ती कपाळाला चिकटलेली असेल. पुढे काहीतरी हवंच असेल तर गालाच्या हाडाखाली संपणारे लांब फ्लिक्स घे, भांगाच्या दोन्ही बाजूंना, तिरके. हनुवटीपर्यंत येऊ देत, म्हणजे कंटाळा आला की कानामागे जातात.

ओढणीचं सांगते, कारण रोजचं तेच आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात धुळीनं आणि उन्हानं डोळेच तेवढे बाहेर ठेवून बायका गाडी चालवतात, त्यामुळे केस सेट करून निघायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. निघताना भांग उलट्या बाजूला पाड. डावीकडे पाडायचा असेल तर उजवीकडे. केस सैल गोळा करून टाळूच्या मागे एक मऊ रबर, घट्ट नको. त्यावर ओढणी. सुती ओढणी केसांवर घासते, म्हणून आत सॅटिनचा एखादा जुना तुकडा घाल, ब्लाउजपीसचा उरलेला असतो तो चालतो. वर हेल्मेट असेल तर तो तुकडा हवाच. ऑफिसच्या पार्किंगमध्ये रबर काढ, डोकं खाली घालून बोटांनी मुळं हलव आणि भांग आपल्या बाजूला घे. उलटे दाबलेले केस मुळाशी आपोआप उभे राहतात. हा उठाव फुकटचा आणि स्प्रेशिवायचा.

भांग रुंद होतोय म्हणालीस, ते मात्र थट्टेवारी नेऊ नकोस. वर्षानुवर्षं एकाच रेघेवर भांग, त्यावर घट्ट वेणी आणि संध्याकाळी त्याच जागी ओढलेला क्लचर, यानं मुळांवर ताण येऊन केस विरळ होतात. भांग अर्धा इंच बाजूला सरकव आणि महिना-दोन महिन्यांनी जागा बदलत राहा. मधल्या भांगापेक्षा बाजूचा भांग तुझ्या चेहऱ्याला शोभेलही, गोलाईची समानता मोडते. पण कंगव्यात केस नेहमीपेक्षा जास्त येत असतील, पाळी अनियमित किंवा जास्त जात असेल, थकवा असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. रक्तातलं लोह आणि थायरॉइड तपासायला सांगतील. वयाच्या चाळिशीत हे दोन्ही सापडतात आणि दोन्हींवर इलाज आहे. तेलं नंतर.

नवरात्राच्या आधी पार्लरवाले स्मूदनिंग आणि केराटिनची ऑफर लावतात. तुला कुणी ना कुणी गळ घालणार. माझं मत, नको. तुझा प्रश्न चपट्या डोक्याचा आहे आणि या उपचारानं केस आणखी चपटे होतात, म्हणजे पैसे देऊन दुखणं विकत घ्यायचं. शिवाय यातल्या काही द्रावणांतून इस्त्री फिरवताना फॉर्माल्डिहाइड वायू सुटतो, बंद एसी खोलीत डोळे चुरचुरतात ते त्यानं. तो कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत आहे. डबीवर नाव नसलं तरी ‘मिथिलीन ग्लायकोल’ किंवा ‘फॉर्मालिन’ लिहिलेलं असेल तर अर्थ तोच. तुझ्या केसांतला कुरळेपणा कापल्यावर कामाला येणार आहे. वजन उतरलं की तो वर उठेल.

आता गरबा. सेटिंग करून, इस्त्री फिरवून ग्राउंडवर जाणाऱ्या मुली तू बघितल्या असशील, अर्ध्या तासात सगळ्यांच्या डोक्यावर तेच. कारण साधं आहे. केस केराटिन या प्रथिनाचे, त्याच्या साखळ्यांना धरून ठेवणारे काही बंध कच्चे असतात, हायड्रोजन बंध म्हणतात त्यांना. पाणी लागलं की सुटतात, वाळताना ज्या आकारात केस असतील त्या आकारात पुन्हा बसतात. इस्त्री त्यांनाच सरळ बसवते. आश्विनातली बडोद्याची हवा आणि अंगाचा घाम त्यांना परत सोडवतो. तेव्हा नऊ रात्री निसर्गाशी भांडू नकोस, केस बांध.

कुठे बांधायचे, ते नीट वाच. मानेवर लोंबणारा मोठा अंबाडा तुझ्या आखूड मानेला खाऊन टाकतो, बाजूनं फोटो काढ, डोकं खांद्यात बसल्यासारखं दिसेल. हनुवटीवर एक बोट ठेव आणि गालाच्या हाडावरून, कानाच्या वरच्या टोकाजवळून ते बोट तिरकं मागे ने. डोक्याच्या मागे जिथे ही रेषा पोचते, टाळूच्या थोडं खाली, तिथे अंबाडा किंवा पोनी बांध. या जागेवर गाठ आली की मान मोकळी राहते, जबडा वर ओढलेला दिसतो आणि चोळीचा मागचा गळा दिसतो, ज्याच्यासाठी नवाबाजारात दोन तास घासाघीस केलेली असते. बांधण्याआधी समोरचे केस शेपटीच्या कंगव्यानं मुळाशी उलटे विंचर, तीनच बटा, पुरे. वरून मऊ ब्रश. कानापुढे एकेक बारीक बट सोड. कानातले मोठे असतील तर गाल रुंद दिसू नयेत म्हणून लांब झुमके घे, गोल बाळ्या नकोत. फेऱ्यात फिरताना लांब वेणी शेजारणीच्या तोंडावर बसते हा अनुभव तिलाच विचार. यंदा ती तक्रार मिटेल.

नणंदेच्या मुलीच्या लग्नाची काळजी नको. खोपा बांधायला कमरेइतके केस लागत नाहीत, कॉलरबोनच्या खालचे पुरतात, आणि कमी पडले तर गंगावन आहेच. इथेच सासूबाईंच्या दैव-कर्मावरचा तोडगाही आहे. केस कापायच्या आधी कोरडे विंचर, मानेखाली जिथे कापायचं तिथे एक रबर, त्याखाली घट्ट वेणी, टोकाला दुसरं रबर. वरच्या रबराच्या वरून कात्री चालव. वेणी अखंड हातात येते. जमिनीवर पडलेले केस गोळा करून काही होत नाही, मुळाकडची आणि टोकाकडची बाजू एक झालेली असते, ते गुंततात. ही वेणी कागदात गुंडाळून कोरडी ठेव आणि विग करणाऱ्याकडून तिचंच गंगावन करून घे. रंग तोच, पोत तोच, लग्नात कुणाला कळणार नाही. सासूबाईंना सांग, केस घरातच आहेत. कर्करोगाच्या रुग्णांसाठी विग करणाऱ्या संस्थाही अशी वेणी घेतात, तुझ्या मनात तसं असेल तर किमान लांबी किती हवी ते आधी विचारून घे.

एकदम एवढे कापायची छाती होत नसेल तर दोनदा काप, आधी पाठीच्या मध्यापर्यंत. केस महिन्याला एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, वर्षाला साधारण सहा इंच. कॉलरबोनखालून पुन्हा कमरेला यायला अडीच-तीन वर्षं. हे आकडे आधी माहीत असले की कापल्यावर रडायला येत नाही. मात्र दोनदा कापायचं तर वेणी आखूड निघेल आणि गंगावनाला कमी पडेल, तेव्हा मी म्हणेन एकदाच.

इतर मैत्रिणींसाठी थोडक्यात, कारण या प्रश्नाची पत्रं बरीच आहेत. उंच, सडसडीत आणि चेहरा लांबट असेल तर वरचं सगळं उलट वाचा: टाळूवर उंची नको, कानाच्या बाजूला फुगवटा हवा, फ्रिंज छान दिसते, हनुवटीपर्यंतचा बॉब तुमच्यासाठीच आहे. चौकोनी जबड्याला कड जबड्यावरच संपू देऊ नका आणि पुढच्या बटा थोड्या वळलेल्या ठेवा. बदामी चेहऱ्याला खाली, हनुवटीच्या आसपास केस भरलेले हवेत. ठेंगणी पण बारीक चणीची असाल तर आखूड केस बिनधास्त करा, मान उघडी पडली की उंची वाढते. पातळ केसांना थर जास्त घेऊ नका, शेवटाला झिरमिळ्या राहतात.

आता तारीख, कारण तिथेही घरात अडचण येणार. श्रावणात केस कापू नयेत म्हणतात, पितृपक्षात तर नाहीच, आणि पितृपक्ष संपला की दुसऱ्या दिवशी घट बसतात. या सगळ्यातून मार्ग एकच, गौरी गेल्यावर आणि अनंत चतुर्दशीच्या आत. त्या पाच-सहा दिवसांत कापलेस तर नवरात्राला अडीच-तीन आठवडे हातात राहतात. नव्या कटला बसायला तेवढे लागतातच, पहिला आठवडा प्रत्येकीला वाटतं काहीतरी बिघडलं. शनिवारी गर्दी असते, मधल्या वारी दुपारी अपॉइंटमेंट घे, म्हणजे केस वाळवून दुसऱ्यांदा बघायला तिला सवड मिळेल.

आणि लेकीला सोबत ने. फ्रिंजची हौस तिलाच दिसते. तिचा चेहरा लांबट असेल आणि केस सरळ असतील तर तिला करू दे. फक्त पहिल्यांदा भुवईच्या खाली, नाकाच्या मध्यापर्यंत कापायला सांग. वाळल्यावर ती वर चढते, आणि आखूडच हवी असेल तर कात्री समोरच आहे.